जळलेल्या मोड्यूलच्या आत कोण बघणार?

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दर पावसाळ्यात एक ठरलेली गोष्ट घडायची. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, मध्ये शनिवार-रविवारची सुट्टी गेली, की सोमवारी सकाळी पाळी सुरू करताना एखादी ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र, उडायची. फटाक्यासारखा आवाज, पॅनेलमधून धूर आणि लाइन बंद. मेंटेनन्सवाले नवं आयजीबीटी मोड्यूल, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या चिपांचा डबा, काढायचे, थर्मल पेस्ट लावून बसवायचे, फ्यूज बदलायचे, संध्याकाळपर्यंत लाइन चालू. जुनं मोड्यूल भंगारात. त्या कारखान्यात सर्व्हिससाठी जाणारा माणूस मीच होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी वीसेक वर्षं हेच काम केलं आणि तेवढी वर्षं मीही जळलेलं मोड्यूल उघडून बघितलं नाही. वेळ नसायचा, आणि उघडून काय बघायचं हे मला कुणी शिकवलेलंही नव्हतं.

नोकरी सोडल्यावर नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक.च्या वर्गाला पॉवर डिव्हाइसेस, म्हणजे मोठी वीज हाताळणाऱ्या चिपा, शिकवायला जाऊ लागलो, आठवड्यातून दोन दिवस. शिकवण्यासाठी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. त्या वर्षी वर्गात चारच मुलं होती. त्यातल्या एका मुलीने एकदा विचारलं, "सर, पुस्तकात चिपच्या कडेला गार्ड रिंग दाखवतात, त्या खऱ्या चिपवर दिसतात का?" मी रबाळ्याला फोन लावला. तिथले फोरमन म्हणाले, "साहेब, खोकंभर पडलीत. शनिवारी भंगारवाला येतो, त्याच्या आधी न्या."

टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही पहिलं मोड्यूल उघडलं. काळ्या प्लास्टिकचं झाकण पान्याने उचकटलं की आत पारदर्शक जेल असतं, बोट लावलं तर थरथरणारं. जेल खरवडून काढलं की खाली पांढऱ्या सिरॅमिकवर तांब्याचा थर, त्यावर डाखलेल्या चिपा, प्रत्येक साधारण अंगठ्याच्या नखाएवढी. प्रत्येक चिपवरून ॲल्युमिनियमच्या तारा कमानीसारख्या पलीकडे गेलेल्या. काही तारा मुळापासून सुटून वर आल्या होत्या. त्याचं कारण पुस्तकात आहे: तापल्यावर ॲल्युमिनियम सिलिकॉनच्या सात-आठ पट फुगतं, दिवसातून शेकडो वेळा तापणं-निवणं झालं की सांध्याला चीर जाते. पण आमच्या मोड्यूलमध्ये जळाल्याचा खड्डा तारेपाशी नव्हता, तो चिपच्या अगदी कडेला होता. दुसरं उघडलं, तिथेही कडेला. पाचांपैकी चारांत कडेला.

भिंगाखाली त्या मुलीला तिच्या गार्ड रिंगही दिसल्या. रांगोळीच्या चौकटीभोवती आपण आणखी दोन-तीन रेघा ओढतो, तशा चिपच्या कडेने एकाबाहेर एक गेलेल्या रेषा. त्या शोभेसाठी नसतात. चिपच्या मध्यभागी विद्युत क्षेत्र सपाट पसरलेलं असतं, पण कडेला ते वळतं आणि वळणावर दाटतं. तिथे त्याला टप्प्याटप्प्याने उतरवलं नाही तर मधला भाग धडधाकट असूनही कड फुटते. बारीक पट्टीच्या जागेत शेकडो व्होल्ट उतरायचे असतात, म्हणून ओलावा आणि घाण यांना सगळ्यात आधी बळी पडते ती हीच कड. आणि ते पारदर्शक जेल पाणी अडवतं, पण बाष्प अडवत नाही. शनिवार-रविवार ड्राइव्ह बंद, पॅनेल गार, बाहेर जूनची हवा. दोन दिवसांत ओल जेलमधून चिपच्या कडेपर्यंत पोचते. सोमवारी सकाळी स्विच टाकला की ४१५ व्होल्टच्या लाइनमधून ५८० व्होल्टच्या आसपास डीसी एकदम त्या ओल्या कडेवर येतो.

हा अंदाज त्या मुलीचा. तिने कारखान्याकडून उडालेल्या मोड्यूलच्या तारखा मागवल्या, प्रत्येक तारखेआधी ड्राइव्ह किती तास बंद होती ते लिहून काढलं, आणि न उडालेल्या जुन्या मोड्यूलमधला गळतीचा प्रवाह मोजायचं ठरवलं. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ओळखीने एका मोठ्या संस्थेत दोन दिवस मिळालं. शेवटी कारखान्याला आम्ही एवढंच सुचवलं, की पॅनेलमध्ये ६० वॉटचा हीटर लावा आणि तो सुट्टीतही चालू ठेवा. गेल्या पावसाळ्यात त्या लाइनवर एकही मोड्यूल उडालं नाही. एका पावसाळ्यावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणत नाही. पण वीस वर्षं जे मोड्यूल मी बदलत आलो त्याचं कारण शोधायची पहिली खरी पायरी पदव्युत्तर वर्गातल्या एका प्रश्नाने घातली, हे मला विसरता येत नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

पॉवर सेमीकंडक्टर हा काही परक्या मुलखातला विषय नाही. नाशिक महामार्गाने भिवंडी मागे टाकली की पडघा लागतं. चंद्रपूरला तयार झालेली वीज ७५२ किलोमीटर प्रवास करून इथे येते ती ५०० किलोव्होल्टच्या डीसी रूपात, १५०० मेगावॉटपर्यंत. चंद्रपूरला एसीची डीसी करायची, पडघ्याला डीसीची पुन्हा एसी करायची, हे काम गेली पंचवीसेक वर्षं थायरिस्टर नावाचे सिलिकॉनचे स्विच करतात. थायरिस्टर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार झाला. दणकट वस्तू. पण तो खुणेवर चालू होतो, खुणेवर बंद होत नाही. प्रवाह शून्यावर आला तरच सुटतो, आणि तो शून्यावर आणण्यासाठी पलीकडची ग्रिड जिवंत असावी लागते.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबईत वीज आणण्याची आणखी एक वाट हवी ही चर्चा त्याआधीपासूनच होती, त्या दिवसानंतर तिच्यात निकड आली. त्यानंतर कुडूस ते आरे ही १००० मेगावॉटची नवी डीसी वाहिनी हाती घेतली गेली. कुडूस वाडा तालुक्यात आहे. २०१४ पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. या वाहिनीत थायरिस्टरच्या जागी आयजीबीटी आहेत. त्यांना खुणेवर चालूही करता येतं आणि बंदही. त्यामुळे पलीकडची ग्रिड मेलेली असली तरी अशी वाहिनी तिला पुन्हा उठवू शकते. पडघा आणि कुडूस एकमेकांपासून फार लांब नाहीत. एवढ्या अंतरात पॉवर डिव्हाइसच्या दोन पिढ्या शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. आमच्या मुलांची सहल तिथल्या फाटकापर्यंतसुद्धा जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोकलचंही तेच. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवर ती डीसी संपली. जुन्या गाड्यांत वेग आवरायला प्रवाह रोधकांतून नेत, म्हणजे पैसे मोजून घेतलेली वीज डब्याखाली तापवण्यात जायची. २००७ पासून आलेल्या गाड्यांत आयजीबीटीचे इन्व्हर्टर, म्हणजे डीसीची एसी करणारे संच, आहेत. मुलुंड सोडून ठाण्यात शिरताना ब्रेक लागला की मोटरचं जनित्र होतं आणि वीज वरच्या तारेत परत जाते, मागून येणाऱ्या गाडीच्या कामी येते. गाडी सुटताना डब्याखालून चढत जाणारा जो सूर ऐकू येतो, तो या इन्व्हर्टरच्या उघडझापीचा.

आणि आता ऐरोली, रबाळे, महापे भागातली डेटा सेंटरं. बाहेरून खिडक्या नसलेल्या इमारती. आत येणारी वीज यूपीएसमध्ये एसीची डीसी, डीसीची परत एसी होऊन सर्व्हरपर्यंत पोचते. समजा १० मेगावॉटचा भार आहे आणि या रूपांतरात १ टक्का कमी वीज वाया गेली. १ टक्का म्हणजे १०० किलोवॉट, चोवीस तास, वर्षभर: ८ लाख ७६ हजार युनिट. शिवाय ती वाया गेलेली वीज उष्णता होऊन आतच राहते, तिला बाहेर काढायला आणखी वीज लागते ती वेगळीच. हा १ टक्का वाचतो तो बोटाच्या पेराएवढ्या चिपच्या आत. इमारतीत कितीही सुधारणा केली तरी तो तिथून मिळणार नाही.

एवढं सगळं दारात असताना महाराष्ट्रात सेमीकंडक्टरवर बोलणं म्हणजे एकच प्रश्न होऊन बसलाय: फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, कुठे गेला? सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे कळलं तेव्हा केवढा संताप झाला. मलाही राग आला होता. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. तेव्हापासून धोलेरा, साणंद, आसाम, ओडिशा अशी नावं येतात आणि प्रत्येक नावाबरोबर आपण हिशोब करतो, आपल्याला काय मिळालं. हा हिशोब चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे, कारण फॅबची इमारत सरकारी अनुदानाने तीन-चार वर्षांत उभी राहू शकते. डिव्हाइसच्या आत बघणारा माणूस अनुदानाने तीन-चार वर्षांत होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. २०२३ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, व्हीएलएसआय (एका चिपवर असंख्य ट्रान्झिस्टर बसवण्याच्या) डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम आखून दिला आणि आपल्या भागातल्या महाविद्यालयांनी तो उत्साहाने घेतला. चांगलंच झालं. मात्र त्यात सगळा भर आकडेमोड करणाऱ्या चिपवर आहे, नॅनोमीटरवर आहे.

पॉवर डिव्हाइस त्या शर्यतीत नाही. इथे जितकं बारीक तितकं चांगलं असा नियम नाही. इथे चिपने हजार-दोन हजार व्होल्ट अंगावर घ्यायचे, मग त्याच चिपमधून शे-दीडशे अँपिअर जाऊ द्यायचे, आणि या दोन अवस्थांमध्ये सेकंदाला हजारो वेळा ये-जा करायची. त्यासाठी सगळ्यात अद्ययावत, सगळ्यात महाग यंत्रसामग्री लागतेच असं नाही. लागतो तो पदार्थाचा अभ्यास, उष्णतेचा अभ्यास, आणि जोडणीचा, म्हणजे पॅकेजिंगचा अभ्यास. ज्या देशाला या क्षेत्रात उशिरा शिरायचं आहे त्याच्यासाठी ही वाट जास्त जवळची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने भुवनेश्वरच्या सिलिकॉन कार्बाइड (पॉवर चिपसाठी वापरतात तो पदार्थ) प्रकल्पाला मंजुरी दिली, म्हणजे ही गोष्ट दिल्लीतही पटलेली दिसते. तिथे लागणारी माणसं कुठे शिकणार?

आत्ता तरी ती कुठेच नीट शिकत नाहीत, आणि यात कुणा एका प्राध्यापकाचा दोष नाही. हा विषय दोन विभागांच्या मधल्या भिंतीत अडकलाय. इलेक्ट्रिकलवाले आयजीबीटीला एक स्विच समजतात: चिन्ह काढलं, गेटला सिग्नल दिला, चालू किंवा बंद. आत काय चाललंय ते इलेक्ट्रॉनिक्सचं काम. इलेक्ट्रॉनिक्सवाले डिव्हाइसच्या आत जातात, पण पाच व्होल्टच्या ट्रान्झिस्टरपाशी थांबतात; हजार व्होल्ट हे इलेक्ट्रिकलचं काम. पदवीच्या चार वर्षांत हे असंच राहणार, कारण तिथे रुंदी हवी असते. भिंत पाडायची जागा पदव्युत्तर वर्ग हीच आहे. माझ्या वर्गातली चार मुलं निम्मी इकडची, निम्मी तिकडची होती. पहिले दोन महिने दोघांनाही निम्मं कळत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ती एकमेकांना शिकवायला लागली.

तिथे नेमकं काय कळतं ते एका उदाहरणाने सांगतो. चिपला जास्त व्होल्टेज सहन करायचं तर तिच्यात एक जाड, फार कमी अशुद्धी मिसळलेला थर ठेवावा लागतो. त्याला ड्रिफ्ट रीजन म्हणतात. पण हा थर जितका जाड तितका तो प्रवाहालाही अडवतो. दहा पट व्होल्टेज हवं तर रोध शंभर पटींहून जास्त वाढतो. मॉसफेट हा दुसरा पॉवर स्विच हजार व्होल्टच्या पुढे सिलिकॉनमध्ये परवडेनासा होतो तो याच कारणाने. आयजीबीटीमधली युक्ती अशी, की चालू असताना खालच्या बाजूने या थरात होल, म्हणजे धन भाराचे वाहक, सोडायचे, म्हणजे इलेक्ट्रॉनही तितकेच आत येतात आणि अडवणारा थर वाहकांनी भरून जातो. रोध एकदम उतरतो. पण या युक्तीची किंमत बंद करताना मोजावी लागते. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर कर्जत फास्ट निघून गेली तरी फलाट लगेच रिकामा होत नाही; पुलावर, जिन्यावर माणसं असतातच. तसे त्या थरातले वाहक बंदची खूण मिळाल्यावरही काही काळ रेंगाळतात. तेवढा वेळ चिपवर व्होल्टेजही असतं आणि प्रवाहही, म्हणजे नुसती उष्णता. गर्दी जास्त ठेवली तर चालू असतानाचा तोटा कमी, बंद करतानाचा जास्त. कमी ठेवली तर उलट. गाडीच्या मोटरसाठी एक निवड योग्य, डेटा सेंटरच्या यूपीएससाठी दुसरी. कॅटलॉगमधून मोड्यूल निवडणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल तर तो किंमत बघून निवडतो. मी कित्येक वर्षं तसाच निवडायचो.

आयजीबीटीचं नाव घेतलं की बी. जयंत बालिगांचं नाव येतंच. १९६९ मध्ये आयआयटी मद्रासमधून बी.टेक., मग अमेरिकेत रेन्सेलरला एम.एस. आणि १९७४ मध्ये पीएच.डी., मग जनरल इलेक्ट्रिक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे त्यांनी आयजीबीटी प्रत्यक्षात आणला. या डिव्हाइसवर त्या काळात इतरांनीही काम केलं, पण ते कारखान्यात बनण्याजोगं आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याजोगं झालं त्यात बालिगांचा वाटा मोठा. २०१४ मध्ये त्यांना आयईईईचं मेडल ऑफ ऑनर मिळालं, २०२४ मध्ये फिनलंडचं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ. आपल्याकडे त्यांची गोष्ट "भारतीय माणसाने जग बदललं" एवढ्यावर सांगून संपवतात. मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. पदव्युत्तर काळात त्यांनी काम केलं ते गॅलियम आर्सेनाइड, इंडियम आर्सेनाइड अशा संयुग अर्धवाहकांवर. पुढे नोकरीत सगळं सिलिकॉनच होतं. तरी दुसऱ्या पदार्थांची ओळख असल्यामुळे त्यांना असा प्रश्न पडला, की ड्रिफ्ट रीजनचा रोध कमीत कमी किती असू शकतो हे पदार्थाच्या कोणत्या गुणांवर ठरतं? त्यांनी मांडलेल्या सूत्रात हा रोध पदार्थ सहन करू शकेल त्या विद्युत क्षेत्राच्या घनाने कमी होतो. सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनच्या जवळपास दहा पट क्षेत्र सहन करतं. मग फायदा दहा पटींचा नाही, शेकडो पटींचा. आज विजेवर धावणाऱ्या गाड्यांमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या चिपा आहेत त्यामागे हे कागदावरचं गणित आहे, आणि त्या गणितामागे वीस-पंचविशीत केलेला असा अभ्यास आहे ज्याचा त्या वेळी नोकरीत काही उपयोग दिसत नव्हता.

याच्यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: जर्मनीचं, जपानचं मोड्यूल पैसे टाकले की मिळतं, मग आत बघायचं कशाला? २०२१-२२ मध्ये पैसे टाकूनही मिळत नव्हतं. काही मोड्यूलना वर्षभराची मुदत सांगत होते. या पट्ट्यातल्या लहान कारखानदारांनी जुन्या ड्राइव्हमधून मोड्यूल काढून दुसरीकडे बसवली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि टंचाई नसतानाही विकत घेतलेल्या वस्तूबरोबर तिच्या मरणाचं कारण विकत मिळत नाही. कंपन्या मोड्यूलची कसोटी घेतात ती ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास अशी. ती आवश्यकच आहे. पण आपल्या पट्ट्यात एका बाजूला खाडीची खारट हवा आहे, दुसऱ्या बाजूला रासायनिक कारखान्यांचे वायू, चार महिने पाऊस, सुट्टीला बंद पडणाऱ्या मशीन. या हवेत चिप कशी म्हातारी होते हा प्रश्न म्युनिकमधल्या माणसाला पडायचं कारण नाही. तो आपलाच प्रश्न आहे आणि तो चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एम.टेक.च्या जागा रिकाम्या राहतात. मुलंच येत नसतील तर कुणाला शिकवायचं? गेट ही परीक्षा देऊन आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. गेली कित्येक वर्षं आकडा तोच आहे. दरम्यान पीएच.डी.च्या कनिष्ठ शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ मध्ये ३१,००० वरून ३७,००० झाली, एम.टेक.ची तिथेच राहिली. ज्याच्याकडे गेट नाही त्याला तेवढेही नाहीत. ऐरोली-घणसोलीत तीन जणांत खोली घेतली आणि डबा लावला की त्यातलं हातात काय उरतं ते पालकांना विचारा. समोरच आयटी पार्क आहे. तिथे पहिल्या महिन्यापासून पगार आहे. मुलगा तिकडे गेला तर त्याला ध्येय नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. माझ्या वर्गातल्या चौघांपैकी एकाने दुसऱ्या सत्रात वर्ग सोडला. त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती. "सर, मी पुढच्या वर्षी येतो," म्हणाला. आला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. राज्य सरकार या क्षेत्रावर पैसा खर्च करणारच असेल, तर त्याचा एक छोटा, अगदी छोटा भाग आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉवर डिव्हाइसच्या पदव्युत्तर शिक्षणावर खर्च करावा. वेगळं विद्यापीठ नको. स्वच्छ खोल्यांची फॅबही नको, त्यासाठी पवईला आयआयटीत सोय आहे. हवी आहे एक सामाईक प्रयोगशाळा, एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात, जिथे ठाणे आणि नवी मुंबईतल्या सगळ्या महाविद्यालयांच्या मुलांना जाता येईल. डबल पल्स टेस्टला, म्हणजे डिव्हाइसला दोन ठोके देऊन ते कसं उघडतं-मिटतं ते बघायला, एक कपॅसिटर, एक इंडक्टर, गेट ड्रायव्हर आणि चांगला ऑसिलोस्कोप लागतो. महाग असतो तो ऑसिलोस्कोप आणि त्याचे प्रोब. गळतीचा प्रवाह मोजणारा कर्व्ह ट्रेसर महाग असतो. ओल आणि उष्णता एकत्र देणारी पेटी महाग असते. एका महाविद्यालयाला हे झेपत नाही, दहांना मिळून सहज झेपतं. आज प्रत्येकाकडे तीस वर्षांपूर्वीचे थायरिस्टरचे ट्रेनर किट आहेत, काचेच्या कपाटात, आणि परीक्षेच्या आधी आठवडाभर त्यांची धूळ झटकली जाते.

त्या प्रयोगशाळेला कच्चा माल फुकट मिळेल. या पट्ट्यात दर महिन्याला किती मोड्यूल भंगारात जातात! कारखाने, लिफ्टवाले, सोलरवाले, विजेवर चालणाऱ्या बसचे डेपो, सगळ्यांनी आपलं जळलेलं मोड्यूल एका पानाची माहिती लिहून तिथे पाठवायचं: कुठे होतं, किती वर्षं चाललं, उडालं तेव्हा काय चालू होतं. एम.टेक.च्या मुलांनी ते उघडायचं आणि कारण लिहून परत द्यायचं. कारखानदाराला हे हवंच असतं. ब्रेकडाउनचा एक दिवस त्याला मोड्यूलच्या किमतीपेक्षा महाग पडतो. त्या बदल्यात त्याने एका विद्यार्थ्याची दोन वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी असं मागितलं तर तो तोंड फिरवणार नाही. वीस वर्षं या लोकांच्या पॅनेलसमोर उभा राहिल्यावर एवढं मी खात्रीने सांगतो. पण मागणारं कुणी अधिकृत हवं. माझ्यासारखा एकटा मास्तर दारोदार किती फिरणार? एमआयडीसी, विद्यापीठ आणि उद्योग विभाग यांनी मिळून एक पत्र काढलं तरी सुरुवात होईल.

शिकवण्याच्या भाषेबद्दलही एक गोष्ट. परीक्षा इंग्रजीत असते आणि असू दे. पण वर्गात मी ड्रिफ्ट रीजन मराठीत समजावतो, आणि ज्या मुलाने सहा महिने तोंड उघडलं नव्हतं तो त्या दिवशी प्रश्न विचारतो. शहापूर, मुरबाडकडून येणारी मुलं गणितात कच्ची नसतात. इंग्रजीत चूक होईल म्हणून गप्प बसतात. अवघड विषय पोचवायचा तर त्यांचं तोंड आधी उघडलं पाहिजे.

ती गार्ड रिंगवाली मुलगी प्रबंध देऊन पास झाली. डिव्हाइसवर काम करता येईल अशी नोकरी तिने मुंबई परिसरात चार महिने शोधली आणि आता ती एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. अधूनमधून फोन करते, "सर, यंदाच्या पावसाळ्यात किती उडाली?" विचारते. तिचं खोकं माझ्याकडे आहे. प्रत्येक मोड्यूलवर तिच्या अक्षरात लेबल आहे: लाइन क्रमांक, उडाल्याची तारीख, त्याआधी किती तास बंद. गेल्या आठवड्यात फोरमननी त्याच कारखान्यातून आणखी दोन मोड्यूल पाठवली. ही उडाली ती फेब्रुवारीत, कोरड्या हवेत, पॅनेलमधला हीटर चालू असताना. म्हणजे यांचं कारण वेगळं आहे. यंदा वर्गात दोन विद्यार्थी आहेत. शनिवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून आम्ही त्यातलं पहिलं उघडणार आहोत.